बेणारेबाईंना मिळालेले १० सेकंद

प्रश्न : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात पुरुषमंडळी एका स्त्रीला कोंडीत पकडतात, असे नेहमी म्हटले जाते. मग मिसेस काशीकर त्यांना सामील का होतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगमंचावर आले आणि सुलभा देशपांडे यांनी त्यातली शिक्षिका लीला बेणारे उभी केली. एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला रचते आणि आपल्यातल्याच बेणारेबाईंना आरोपी करते. आपल्या प्रश्नातच या नाटकाची मेख आहे. या खटल्यात न्यायाधीश होणारे काशीकर आपल्या पत्नीला चारचौघांत सारखे गप्प बसवतात. पण बेणारेबाईंवरचा लुटुपुटीचा खटला रंगू लागताच याच बाई साक्षीला उभ्या राहतात आणि आरोपीला पिंजऱ्यात ओढून आणण्याचे कामही तत्परतेने करतात. घरात जिला शब्द नाही, तिला येथे दुसऱ्या स्त्रीच्या चारित्र्यावर बोलण्याची मुभा मिळते, आणि ही मुभा पुरुषांनीच दिलेली असल्यामुळे ती त्यांच्याच कामी येते.

अविवाहित बेणारेबाईंना ज्यांच्यापासून दिवस गेले, ते याच मंडळीतले प्राध्यापक दामले तर रंगमंचावर येतही नाहीत. ज्याच्यामुळे हे सारे घडले, त्याची गैरहजेरी कोणालाच खटकत नाही, ही माझ्या मते नाटकातली सर्वांत बोचरी गोष्ट आहे. शेवटी आरोपीला बोलण्यासाठी १० सेकंद मिळतात. त्या १० सेकंदांत बेणारेबाईंचे प्रदीर्घ स्वगत चालू असताना बाकीची पात्रे थिजलेली असतात, म्हणजे ते ऐकतो फक्त प्रेक्षक. निकालानंतर कोसळलेल्या बेणारेबाईंजवळ कापडी पोपट हळूच ठेवून निघून जातो तो सामंत नावाचा गावातला साधा माणूस; खटल्याच्या खेळात मात्र तोही साक्षीदार होताच.