दहा वर्षांची बॅटरी आठ महिन्यांत का संपली?

प्रश्न : आमच्या सोसायटीत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. जमिनीखालच्या टाकीतील पातळी मोबाइलवर कळावी म्हणून आम्ही एनबी-आयओटी (मोबाइल नेटवर्कवरून थोडीशी माहिती कमी विजेत पाठवण्याचे तंत्र) मोडेमचे, बॅटरीवर चालणारे यंत्र टाकीत बसवले. ते दर पंधरा मिनिटांनी पातळी कळवते. मोडेमची चिप झोपेत अवघा 5 मायक्रोअँपिअर प्रवाह घेते आणि बॅटरी दहा वर्षे टिकते, असे माहितीपत्रकात छापले आहे. पण 19 अँपिअर-तासांचा लिथियम सेल आठ महिन्यांतच संपला. चिप सदोष असेल का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : चिपवर संशय घेण्यापूर्वी थोडी आकडेमोड करावी. 5 मायक्रोअँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला, तरी खर्च होतो जेमतेम 44 मिलिअँपिअर-तास. बॅटरी संपते ती चिप जागी असताना. प्रत्येक संदेशासाठी मोडेम 30 सेकंद जागा राहतो आणि सरासरी 100 मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर दिवसाच्या 96 संदेशांना सुमारे 80 मिलिअँपिअर-तास लागतात, आणि या हिशेबाने आपला सेल आठ महिन्यांतच संपतो.

चांगल्या सिग्नलमध्ये हेच काम काही सेकंदांत उरकते. टाकीच्या लोखंडी झाकणाखाली मात्र सिग्नल क्षीण होतो आणि अशा वेळी एनबी-आयओटीत तोच मजकूर 128 वेळांपर्यंत पुन्हा पाठवण्याची सोय आहे. तळघरातूनही संदेश पोहोचतो तो या सोयीमुळेच, पण तिची किंमत बॅटरी मोजते. म्हणून अँटेना आधी झाकणाबाहेर काढावा. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडेल, तितका महागडी चिप घेऊनही पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे की, गाढ झोपेची मुदत मोडेम फक्त मागतो. ती मंजूर करते नेटवर्क. यंत्र बसवणाऱ्याला ‘एटी+सीईआरईजी=4’ ही आज्ञा देऊन मंजूर झालेली मुदत वाचायला सांगावे. उत्तरात ती मुदत दिसलीच नाही, तर सिमच्या योजनेत गाढ झोपेची सोय चालू आहे का, हे सेवा देणाऱ्या कंपनीकडे विचारावे लागेल.

नवा सेल घेताना एक काळजी घ्यावी. लिथियम-थायोनिल क्लोराइड सेल (अशा यंत्रांत सहसा वापरतात तो लिथियम सेल) दीर्घकाळ विश्रांतीत राहिला की आतील लिथियमवर क्षाराचा पातळ थर चढतो, आणि मग एकदम मोठा प्रवाह ओढताच व्होल्टेज क्षणभर घसरते. त्याने मोडेम बंद पडून पुन्हा सुरू होतो, नेटवर्क नव्याने शोधतो आणि आणखी वीज खातो. यासाठी सेलला समांतर असा खास कपॅसिटर (वीज साठवून गरजेच्या क्षणी एकदम देणारा भाग) जोडलेला संच मिळतो, तोच मागावा.

पातळी दर पंधरा मिनिटांनी मोजायला हरकत नाही. मोजणीला वीज नगण्य लागते. मोडेमला मात्र दिवसातून चारदा, आणि पाणी ठरावीक खुणेखाली गेले तरच अधिक वेळा, जागे करावे. चार संदेशांचा खर्च, अगदी 30 सेकंदांचा जागेपणा धरूनही, वर्षाला सुमारे सव्वा अँपिअर-तास होतो; तेव्हा 19 अँपिअर-तासांच्या सेलवर दहा वर्षांची अपेक्षा ठेवणे रास्त ठरेल.