वाचकांचे प्रश्न : एन्झाइम स्वतःचाच डीएनए का कापत नाही?

प्रश्न : जिवाणू फाजचा (जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूचा) डीएनए एन्झाइमने कापतो, मग त्याचा स्वतःचा डीएनए कसा वाचतो? आणि या एन्झाइमची जनुके प्लास्मिडवरून (डीएनएच्या सुट्या छोट्या वर्तुळावरून) नव्या पेशीत शिरली, तर ती पेशी मरत कशी नाही? (विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : इको-आर-वन हे एन्झाइम जी-ए-ए-टी-टी-सी हा डीएनएच्या अक्षरांचा क्रम कापते. ई. कोलाय या जिवाणूच्या सुमारे ४६ लाख अक्षर-जोड्यांच्या डीएनएतही तो शेकडो ठिकाणी येतो. तिथे जोडीचे मिथाइलेज हे दुसरे एन्झाइम क्रमातल्या दुसऱ्या ए-वर मिथाइल हा छोटा रासायनिक गट चढवते, की कापणे थांबते. नक्कल होताना नवा धागा कोरा असतो, पण जुन्या धाग्यावरचा मिथाइल गट तेवढ्या वेळापुरता पुरतो.

प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. नव्या पेशीचा सगळाच डीएनए कोरा. कापणारे एन्झाइम आधी तयार झाले तर ती संपलीच. पीव्हीयू-टू या कापणाऱ्या एन्झाइमच्या आणि त्याच्या मिथाइलेजच्या जोडीत ही वेळ सी-प्रथिन हे नियंत्रक प्रथिन सांभाळते. मिथाइलेज लगेच बनू लागते, कापणाऱ्याचे जनुक मात्र सी-प्रथिन साठेपर्यंत जवळजवळ गप्प राहते. सी-प्रथिन स्वतःच्याच जनुकाला चालना देते, म्हणून सुरुवात संथ आणि मग एकदम वेग. फार साठले की तेच शेजारच्या जागी बसून उत्पादन आवरते. प्लास्मिड हरवले तर मात्र घात होतो: दर विभाजनात मिथाइलेज विरळ होते, सगळ्या जागा झाकल्या जात नाहीत आणि उरलेसुरले कापणारे एन्झाइम पेशीला मारू शकते.

प्रश्न : लॅम्डा या फाजचा डीएनए इको-आर-वनने कापला, तर जेलवर (तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) सहापेक्षा जास्त पट्ट्या येतात. का? (प्रयोगशाळा सहायक, जळगाव)

उत्तर : आधी जास्तीची पट्टी कुठे आहे ते पाहा. ४८,५०२ जोड्यांच्या लॅम्डात पाच जागा, म्हणून सहा तुकडे. सर्वांत मोठा २१,२२६ जोड्यांचा. त्याच्याही वर फिकट पट्टी असेल, तर लॅम्डाच्या दोन टोकांचे तुकडे एकमेकांना चिकटले आहेत. ६५ अंशांवर २० मिनिटे ठेवा: एन्झाइम निकामी होते, टोकेही सुटतात. लगेच बर्फात घालून मग जेलवर चढवा.

खाली अनोळखी पट्ट्या असतील, तर ग्लिसरॉलवर संशय घ्या. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येते. मिश्रणात ते ५ टक्क्यांवर गेले की मिळतेजुळते क्रमही कापले जातात, म्हणून २० मायक्रोलिटरमध्ये एन्झाइम २ मायक्रोलिटरपेक्षा जास्त नको. मे महिन्यात सैल झाकणाची नळी रात्रभर ठेवली, तर पाणी उडून हे प्रमाण आपोआप वाढते. ३७ अंशांवर एक तास बहुधा पुरतो.