टॉय पॉमेरेनियन पिल्लू तीन महिन्यांचं झालं तरी ७८० ग्रॅमच आहे. कमी खायला घालून त्याला लहानच ठेवावं का?

अजिबात नको. बाकीचं सावकाश वाचा, पण खाणं कमी केलं असेल तर आज रात्रीपासूनच ते पूर्ववत करा.

तुम्ही लिहिलंय की पिल्लू नर आहे, १२ आठवड्यांचं आहे आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी 'दिवसातून दोनदाच द्या, म्हणजे टॉयच राहील' असं बजावलंय. अगदी हाच सल्ला मलाही मिळाला होता. आमची कुत्री जिरी आता चार वर्षांची आहे, अडीच किलोची. त्या सल्ल्यापायी ती सातव्या आठवड्यातच आमच्या हातून जाणार होती.

डिसेंबर महिना होता, नाशिकची थंडी. रात्री आठला तिने खाल्लं आणि झोपली. पहाटे साडेपाचला सासूबाई उठल्या तर ती टोपलीत आडवी पडलेली, अंग गार, हिरड्या पांढऱ्या, पाय मधूनच झटकत होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळा, तोंडात काही ओतू नका, शालीत गुंडाळा आणि लगेच निघा. आम्ही रिक्षात बसेपर्यंत तिने मान उचलली होती. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं आणि दुपारपर्यंत ती चालायला लागली. तिच्या रक्तातली साखर एकदम खाली गेली होती.

टॉय जातीच्या पिल्लांमध्ये हे वारंवार होतं, आणि त्याचं कारण समजून घेतलंत तर 'कमी खायला घाला' हा सल्ला किती घातक आहे ते कळेल. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा थोडाच मावतो. स्नायू कमी, चरबी कमी, आणि अंग लहान असल्यामुळे ऊब भराभर निघून जाते. मोठ्या जातीचं पिल्लू रात्रभर उपाशी राहिलं तर निभावून नेतं, ह्यांचा साठा काही तासांतच संपतो. त्यात थंडी, जंत, जुलाब किंवा दिवसभर पाहुण्यांच्या हातात खेळणं झालं की आणखी लवकर. चार महिन्यांपर्यंत हा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणजे तुमचं पिल्लू अजून त्यातच आहे. त्याला दिवसातून चार वेळा द्या, शेवटचं खाणं रात्री अकराच्या सुमारास आणि पहिलं उठल्याबरोबर. चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिने झाले की दोन किंवा तीन. घरात मध किंवा ग्लुकोज पावडर कुठे ठेवली आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या. पिल्लू झोकांड्या खात असेल, सुस्त किंवा गार वाटत असेल तर आधी हिरड्यांना मध, मग तडक दवाखाना.

आता आकाराचं. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात पॉमेरेनियनचं वजन साधारण १.४ ते ३.२ किलो धरलं आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली जो पांढरा 'पॉमेरियन' दिसतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, आणि तो याच्या दुप्पट-तिप्पट भरतो. तुमचं पिल्लू यांपैकी कोणत्या वळणावर जाणार हे त्याच्या आईबापांवरून ठरलेलं आहे. उपाशी ठेवून स्पिट्झचा टॉय होत नाही, अशक्त स्पिट्झ होतो. आणि 'टीकप' म्हणून वेगळी जातच नाही, तो विक्रीसाठी लावलेला शब्द आहे. शक्य असेल तर आईबापांची वजनं विचारून घ्या.

वजनाची नोंद मात्र जरूर ठेवा, मला तिचा फार आधार झाला. स्वयंपाकघरातला पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. त्यावर स्टीलचा खोल डबा ठेवायचा, आकडा शून्य करायचा आणि पिल्लाला आत बसवायचं. आठवड्याचा एकच वार, सकाळी, खाण्याआधी. आमच्या कालनिर्णयवर ज्या चौकोनांत दुधाचा हिशेब असायचा, त्यातच सासूबाई जिरीचं वजन लिहायच्या. ती पानं मी जपून ठेवली आहेत. आली तेव्हा ४८० ग्रॅम. आठ आठवड्यांना ६२०, बाराला ९८०, सोळाला १३४०, वीसला १७००. सहा महिन्यांना २०८०, नऊ महिन्यांना २४५० आणि वर्षाला २५००.

या आकड्यांत टॉय जातीची वाढ नीट दिसते. चार महिन्यांच्या आसपास निम्मं वजन झालेलं असतं, सहा महिन्यांनंतर चढण मंदावते आणि दहा-बारा महिन्यांत कुत्रं पूर्ण वाढतं. जिरी बारा आठवड्यांना शेवटच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या जवळ होती. तोच हिशेब लावला तर तुमचा पठ्ठ्या पावणेदोन ते सव्वादोन किलोपर्यंत जाईल. हा फक्त अंदाज आहे, पण जातीच्या मापात बसणारा आहे, त्यामुळे ७८० ग्रॅम बघून घाबरू नका.

मी स्वतः त्या आकड्यापेक्षा रेषेकडे जास्त बघते. अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा आलेख काढतात ना, तसेच कुत्र्यांसाठी वॉल्थम या पाळीव प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे आलेख आहेत. त्यामागचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी साडेसहा किलोच्या आत राहणाऱ्या कुत्र्यांचा तक्ता वेगळा आहे, त्यातही नर आणि मादी वेगळे. इंटरनेटवर तो फुकट मिळतो. बारा आठवड्यांपासून सुरू होतो, म्हणजे तुम्हाला अगदी वेळेवर आहे. पिल्लू खालच्या रेषेवर असलं तरी चालतं, पण ते त्याच रेषेच्या आसपास चढत राहिलं पाहिजे. दोन रेषा ओलांडून खाली किंवा वर गेलं, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. जिरीचं वजन एका आठवड्यात जागचं हललं नाही तेव्हा जंत निघाले होते. नुसतं बघून कळलं नसतं, कारण केसांमुळे ती गुबगुबीतच दिसायची. म्हणून आंघोळीच्या वेळी, केस ओले असताना, बरगड्यांवरून बोटं फिरवून बघा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण टोचू नयेत.

एक शंका मात्र काढून टाका: पिल्लू खरंच बारा आठवड्यांचं आहे का? जिरी दोन महिन्यांची म्हणून आमच्याकडे दिली होती, डॉक्टरांनी दात बघून जेमतेम सहा आठवडे सांगितले. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, तरी सर्रास विकतात. वय चुकलं की वजनाचा सगळा हिशेब चुकतो आणि लसींच्या तारखाही. डॉक्टरांकडून वयाची खात्री करून घ्या. लसींचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर व्हायला हवा, तोवर रस्त्यावर खाली सोडू नका, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती असते.

पुढे चार ते सहा महिन्यांत केस झडून तो विचित्र, उंदरासारखा दिसेल. ते तात्पुरतं असतं, घाबरून केस भादरू नका, पॉमेरेनियनचे केस भादरल्यावर कधीकधी परत नीट येत नाहीत. त्याच काळात दुधाचे दात पडतात. दुधाचा सुळा तसाच राहून शेजारी पक्का आला तर डॉक्टरांना दाखवा. सोफ्यावरून उडी मारू देऊ नका, पुढच्या पायाचं हाड काडीसारखं मोडतं. गळ्यात पट्टा नको, हार्नेस वापरा, यांची श्वासनलिका नाजूक असते.

खाण्यात लहान जातींच्या पिल्लांचं तयार खाणं हाच पाया ठेवा. त्यावर उकडलेली कोंबडी किंवा अंडं थोडंसं चालेल. असं सगळी पोषणद्रव्यं असलेलं तयार खाणं देत असाल तर वरून कॅल्शियमचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. घरातल्या मोठ्यांना प्रेमाने समजवा की कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट त्याच्या तोंडाला लागू द्यायचं नाही. आमच्याकडे शिऱ्यातल्या मनुका बाजूला काढून ठेवायची सवय सासूबाईंनीच लावून घेतली.

सोळा आठवडे पूर्ण होतील त्या सकाळचं वजन मला इथेच कळवा. ११०० ग्रॅमच्या आसपास असेल तर तो मस्त चाललाय.