इराणी चित्रातला अझदहा कसा वाचावा

अझदहा, म्हणजे इराणी ड्रॅगन, दिसला की लगेच ‘दुष्ट शक्ती’ असा शिक्का मारू नका. आधी तो कुठे आहे ते बघा. शाहनाम्याच्या, म्हणजे फिरदौसीच्या इराणी महाकाव्याच्या, चित्रात समोर रुस्तुम, इस्फंदियार किंवा बहराम गूर यांपैकी एखादा वीर असेल, तर तो मारायचाच शत्रू. रुस्तुमची पक्की खूण म्हणजे अझदह्याला चावणारा रख्श घोडा.

नवखे फसतात ते तख्त-ए-सुलेमान या इराणमधल्या मंगोल राजवाड्याच्या, १२७०च्या दशकातल्या फरश्यांपाशी. तिथे तो सीमुर्ग या पुराणातल्या पक्ष्यासारखाच राजवैभवाचं चिन्ह आहे. नागमोडी अंग, पंजे: मंगोल सत्तेबरोबर आलेलं हे चिनी रूप.

जडावाच्या धातूच्या भांड्यांवर धनुर्धारी नराश्वाच्या (अर्धा माणूस, अर्धा घोडा) शेपटाला अझदह्याचं तोंड असेल, तर ती धनू रास, आणि अझदहा म्हणजे ग्रहणाचा पात, चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो तो बिंदू. आपल्या राहू-केतूंचा हा सख्खा भाऊबंद, त्यामुळे मराठी वाचकाला तो पटकन उमगतो.