फ्रिजमधली गवार

"मॅडम, आई गेलीय हेच बाबांना आठवत नाहीये बहुतेक." मुलीचा पहिला फोन हा असा आला. आईला जाऊन चौदा महिने झालेले, बाबा शहात्तर वर्षांचे, पुण्यात मंडईजवळच्या जुन्या घरात एकटे राहतात आणि ही नोकरीमुळे बंगलोरला. दिवाळीला घरी आली, फ्रिज उघडला तर गवारीच्या चार पिशव्या. एक ताजी, दोन काळ्या पडलेल्या आणि सगळ्यात खालच्या पिशवीला तर पाणी सुटलेलं. आणि बाबा गवार खातच नाहीत, आयुष्यात कधी खाल्ली नाही, ती आईच्या आवडीची भाजी. डिमेन्शिया सुरू झालाय का, त्यांना बंगलोरला घेऊन जाऊ का, घर बंद करायचं का, सगळं एका दमात विचारलं तिने आणि मग रडायलाच लागली.

ही काळजी माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या खूप घरांतून येते, भाजीच्या जागी कुठे चहाचा दुसरा कप असतो, कुठे फोटोशी गप्पा, म्हणून या बाबांना, म्हणजे काकांना विचारून, ओळख पटणार नाही एवढे बदल करून हे लिहितेय.

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात घडी केलेली कापडी पिशवी. मुलीला मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, कारण पोरांसमोर म्हातारी माणसं फार सांभाळून बोलतात, पोरांना त्रास नको म्हणून. आधी साध्या गोष्टी विचारल्या. कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं, व्यवस्थित दाखवली. पेन्शन कधी जमा झाली, सिलेंडर कधी बदलला, नातवाची परीक्षा कधी, सगळं तोंडपाठ. पण एवढ्यावरून मी काही ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नका, फिजिशियनकडे पाठवलंच. बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. शाकाहारी म्हाताऱ्या माणसांत हे बरंच दिसतं, आणि बी-१२ किंवा थायरॉईड बिघडलं की विसरायला होतं, मन उदास राहतं, आणि घरचे थेट डिमेन्शियावर जाऊन पोचतात. त्याचे उपचार सुरू झाले.

पण गवारीचं काय ते राहिलंच होतं. पुढच्या वेळी सरळ विचारलं, काका, गवार कुणासाठी आणता?

बराच वेळ पिशवीची घडी उलगडत होते, परत घालत होते. मग म्हणाले, "ही नाहीये ते मला माहितीये हो. अग्नी मीच दिलाय."

आणि मग सगळं बाहेर आलं. दर रविवारी दोघं मिळून मंडईत जायचे, एकाच बाईंकडून भाजी, तीस वर्षं. काकू गेल्यावर काका महिनाभर तिकडे फिरकलेच नाहीत. मग एकदा गेले तर त्या बाईंनी विचारलं, काकू नाही आल्या? आणि यांच्या तोंडून निघून गेलं, गुडघे दुखतायत तिचे. बाईंनी काही न विचारता पाव किलो गवार तोलून पिशवीत टाकली, काकूंना आवडते म्हणून. पुढच्या रविवारी परत तेच. "अख्ख्या पुण्यात तेवढ्या एकाच ठिकाणी ती अजून आहे," काका म्हणाले, "तिथे मी कसं सांगू?"

मला पटकन पुढे बोलता येईना. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण थंडी सुरू झाली की दुकानात लोकरीचे पायमोजे दिसतात आणि माझा हात आधी तिच्या मापाच्या जोडीकडेच जातो.

मुलीला नंतर हेच सांगितलं की बाबा विसरलेले नाहीत, उलट त्यांना सगळं लख्ख आठवतंय. वेल्समध्ये डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी जोडीदार गेलेल्या २९३ लोकांशी बोलून १९७१ साली एक अभ्यास छापला होता, त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखं कधी ना कधी वाटलेलं, काहींना दिसला, काहींना आवाज आला. आणि त्यातल्या बहुतेकांनी हे रीसना सांगेपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्याकडेही तेच, लोक काय म्हणतील म्हणून माणसं गप्प बसतात.

काळजी कधी करायची? आई कुठे गेली असं ते परत परत विचारतायत आणि दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हादरतायत, रोजच्या रस्त्यावर चुकतायत, पैशांचे व्यवहार जमेनासे झालेत, तर न्यूरोलॉजिस्टकडे न्या. दुःख लांबतं त्याचंही एक मोजमाप आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत सहा महिने, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या तशाच यादीच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी एक वर्ष. पण ते नुसतं कॅलेंडर बघून लावायचं नसतं, एवढ्या काळानंतरही रोज तीच तीव्र ओढ आणि जगणं ठप्प, असं असेल तर. काका स्वतःपुरतं रांधत होते, फिरायला जात होते, रात्री झोपत होते. जेवण तुटलंय, वजन उतरतंय, आता मलाही ने असं कुणी म्हणत असेल तर मात्र थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

घर बंद करायला मी स्पष्ट नाही म्हटलं. त्या घरापासून मंडई पायी आहे, ओळखीची माणसं आहेत, ते सगळं तोडून त्यांना बंगलोरच्या बाराव्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं तर मला खरंच भीती वाटली असती.

बाईंना सांगाच असं मी काकांना म्हटलं नाही. फक्त विचारलं, सांगितलंत तर काय होईल? तीनचार भेटींत आम्ही त्याच्याभोवती फिरत राहिलो. मग एका सोमवारी ते न ठरवताच आले. आदल्या दिवशी सांगितलं होतं. बाईंनी तराजू खाली ठेवला, पुढचं गिऱ्हाईक उभं होतं त्याच्याकडे बघितलंही नाही आणि काकांवर चिडल्या, सव्वा वर्ष झालं आणि मला आज सांगताय होय? आणि पदर तोंडाला लावून रडल्या. काका तिथेच कांद्याच्या पोत्यावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं, दवाखाना, शेवटची रात्र, सकाळ, जे मुलीलासुद्धा पूर्ण कधी सांगितलं नव्हतं. निघताना बाईंनी गवार दिलीच, पण म्हणाल्या, आता तुम्ही खायची.

शिरा काढून, हाताने मोडून ठेवायची हे त्यांना माहीत होतं, कारण काकू संध्याकाळी तेच करत बसायच्या आणि हे शेजारी पेपर वाचून दाखवायचे. पुढचं येत नव्हतं. मुलीला फोन केला, फोडणीत ओवा आधी का मोहरी, गूळ किती, कूट कधी. तिलाही खात्रीने सांगता येईना, मग दोघांनी मिळून मावशीला सांगलीला फोन लावला, तासभर बोलत होते तिघं.