आधी पत्ता, मग पुस्तक

तुझा मेसेज दोनदा वाचला. आईने माझा नंबर दिला ते बरं केलं. ठाण्यात आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो, त्यामुळे मावशीच म्हण, मॅडम नको. तुझं म्हणणं मला कळलं ते असं: नवऱ्याच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून लंडनला यायचं, हॅरोच्या बाजूला घर बघायचं, लेक सहा वर्षांची, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांवरची पीएच.डी. निम्म्यावर अडकलेली. लायब्ररी कुठली, फी किती, आणि पुस्तकांचे किती खोके आणू?

खोके आणू नकोस. प्रबंधाला रोज लागणारी आठ-दहा पुस्तकं आण, बाकीची आईकडे ठेव. सुरुवातीचं भाड्याचं घर एवढंसं असतं की माझा शब्दकोश वर्षभर वॉशिंग मशीनवर होता.

लायब्ररी म्हटल्यावर तुझ्या-माझ्या डोळ्यांसमोर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय येतं. अनामत भरा, वर्गणीची पावती घ्या, पुस्तक घरी न्या. इथे आत जाणं, बसून वाचणं आणि पुस्तक घरी नेणं या तीन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि प्रत्येक ग्रंथालयात त्यांची वाटणी वेगळी. पैसे फारसे कुठे लागत नाहीत. लागतो तो पत्त्याचा पुरावा, आणि तुझ्यासारखीचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

माझं अडलं होतं. पहिल्या महिन्यात एका मोठ्या ग्रंथालयात वाचकपत्र काढायला गेले. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या पालिकेची घरपट्टी, त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्याच नावावर. माझ्या नावावर मोबाइलचं बिल तेवढं होतं, आणि ते जवळपास कुठेच चालत नाही. काउंटरवरची बाई गोड हसली आणि मला परत पाठवलं. लग्नाचा दाखला दाखवू का विचारलं, तर तिला तो विनोद वाटला. म्हणून सांगते, भाडेकरारावर दोघांची नावं घाला, काउन्सिल टॅक्सवर दोघांची नावं घाला, आणि आल्या आल्या तुझ्या एकटीच्या नावाचं बँक खाते उघड. एजंट म्हणेल, कमावत्याचं नाव पुरे. नाही पुरत. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, ड्रायव्हिंग लायसन्सचा अर्जही करून टाक, ऑनलाइन ३४ पौंड लागतात. गाडी चालव न चालव, फोटो आणि पत्ता एकाच कार्डावर येतो. व्हिसा आता कागदावर किंवा कार्डावर नसून ऑनलाइन असतो, म्हणून ओळखीसाठी पासपोर्ट जवळ ठेव.

आणखी एक भीती तू विचारली नाहीस, पण नव्याने आलेल्या चार जणी तरी मला विचारतात. व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते. मग काउन्सिलची फुकट लायब्ररी वापरली तर ती मोडते का? नाही. ती अट ठरावीक भत्त्यांना आणि सरकारी घरांना आहे. लायब्ररी त्यात येत नाही, लेकीची सरकारी शाळाही नाही. १९६४च्या कायद्याने लायब्ररी चालवणं हे काउन्सिलचं कर्तव्यच आहे.

आता काउन्सिलची लायब्ररी. लंडन हे एक शहर असलं तरी ३२ बरो, म्हणजे पालिकांचे विभाग, आणि जुनी सिटी मिळून ३३ कारभार आहेत, आणि प्रत्येकाची लायब्ररी स्वतंत्र. कार्ड फुकट, पुस्तकं साधारण तीन आठवड्यांसाठी, नूतनीकरण फोनवरून. दंड, आरक्षणाचे पैसे, किती पुस्तकं, हे बरोगणिक बदलतं. पुष्कळ बरोंची सूची सामायिक आहे, त्यामुळे शेजारच्या बरोचं पुस्तकही मागवता येतं. कार्डाबरोबर ई-पुस्तकांची आणि मासिकांची ॲप्स येतात. भारतातून निघायच्या आधी फुकट ऑडिओबुक शोधत बसू नकोस.

शांततेची अपेक्षा मात्र ठेवू नकोस. कुठे बाळांची गाणी चाललेली, कुठे इंग्रजी बोलण्याचा वर्ग, कुठे हिवाळ्यात घर तापवणं परवडत नाही म्हणून हीटरजवळ पेपर धरून बसलेले आजोबा. पुस्तक देण्याघेण्याचं काम बहुतेक ठिकाणी मशीनच करतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत काउन्सिलांनी खर्चाला अशी कात्री लावली की शाखा बंद झाल्या, उरलेल्यांच्या वेळा विचित्र झाल्या. आठवड्यातून एखाद दिवस दार बंदच, तेव्हा वेळ बघितल्याशिवाय पोरीला घेऊन निघू नकोस. दारातून परत फिरल्यावर पोरं जो गोंधळ घालतात तो मी बसस्टॉपवर सोसलाय.

तरी लेकीसाठी मी आधी हेच कार्ड काढेन, शाळेच्या गणवेशाच्याही आधी. मुलांच्या कार्डाला सहसा आईची सही पुरते, आणि बऱ्याच बरोंमध्ये त्यावर उशिराचा दंड नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत समर रीडिंग चॅलेंज असतं, १९९९पासून देशभर चालू आहे. बहुतेक मुलं सहा पुस्तकांचं लक्ष्य घेतात आणि शेवटी पदक मिळवतात. माझा मुलगा आता दाढी करतो, पण ती पदकं अजून खिडकीच्या कडीला लटकताहेत. सप्टेंबरात येणार म्हणजे यंदाचं हुकलं. पुढच्या वर्षी सोडू नकोस.

मराठी पुस्तकांचं विचारलंस. हॅरो-वेम्बलीच्या बाजूला गुजराती वस्ती मोठी. आमच्या शाखेत गुजरातीची दोन कपाटं भरलेली आणि मराठीची म्हणशील तर हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, त्यातही निम्मी पाककृतींची. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. दिवाळी अंक आम्ही पाच-सहा घरं मिळून मागवतो आणि फेब्रुवारीपर्यंत फिरवतो. तुलाही त्यात घालते. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२चं. गणपतीला गेलीस की ओळखी होतील आणि ओळखींतून पुस्तकं.

तुझ्या प्रबंधाचा माल मात्र सेंट पँक्रसला आहे, ब्रिटिश लायब्ररीत. ही जागा दोन प्रकारे वापरता येते. इमारतीत कोणीही शिरावं, वायफाय घ्यावं, खुर्ची मिळाली तर बसावं. ती मिळत नाही, कारण सकाळी दार उघडायच्या आधीच कॉलेजच्या मुलांची रांग लागलेली असते. दुसरा प्रकार म्हणजे फुकटचं वाचकपत्र काढून वाचनकक्षात बसणं. त्याला वय १८च्या वर, ओळख आणि पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं. कुठल्या विद्यापीठाची, गाइड कोण, शिफारसपत्र कुठाय, असं काही नाही. मुंबईत काही ठिकाणी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना आपला विषय समजावून सांगितलेल्या मला हे पहिल्यांदा खोटंच वाटलं.

पुस्तक घरी नेता येत नाही. कोट, पिशवी, छत्री, पाणी, पेन सगळं लॉकरमध्ये, आत फक्त पारदर्शक पिशवी, लॅपटॉप आणि पेन्सिल. तुला जायचंय ते तिसऱ्या मजल्यावर, आशिया-आफ्रिका कक्षात. जुनं पुस्तक फोमच्या उशीवर ठेवून वाचायचं, बहुतेक साहित्याचे फोनवर फोटोही काढू देतात, कॉपीराइटचे नियम पाळून. पुस्तकं आधी मागवावी लागतात, आणि बराच साठा यॉर्कशायरमध्ये बॉस्टन स्पाला असतो, तिथून यायला एक-दोन दिवस जास्त धर. ऑक्टोबर २०२३मध्ये इथे मोठा सायबर हल्ला झाला, सूचीसुद्धा महिनोन्‌महिने कोलमडली होती. म्हणून जुन्या वाचकाने सांगितलेली मागवण्याची पद्धत, मी सांगतेय तीसुद्धा, जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर ताडून बघ.

इथे आहे काय, तर इंडिया ऑफिसचं, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचं, सगळं दप्तर १९८२मध्ये या लायब्ररीकडे आलं, फडताळांची लांबी भरते सुमारे १४ किलोमीटर. १८६७चा छापखाने आणि पुस्तक नोंदणीचा कायदा तुला माहीतच आहे. विविधज्ञानविस्तार मासिक निघालं तेच साल. त्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या तयार व्हायच्या: पुस्तकाचं नाव, छापखाना, पानं, प्रती किती काढल्या, किंमत किती. त्या इथे बघायला मिळतात. देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी अहवालही आहेत, म्हणजे आपल्या संपादकांनी काय लिहिलं त्याचा इंग्रजी गोषवारा. भाषांतर सरकारी चष्म्यातून केलेलं, पण मूळ अंकच हाती लागत नाही तेव्हा तेवढाही आधार मोठा असतो.

शोधायचं कसं हे नीट सांगते, कारण माझे पहिले तीन दिवस यातच गेले. रोमन लिपीतली मराठी इथे आपण फोनवर लिहितो तशी नसते. च साठी नुसतं सी, एच नाही. शब्दाच्या शेवटचा अ लिहिलेला. म्हणजे चिपळूणकरांना शोधताना सुरुवातीला सी-आय आणि शेवटी के-ए-आर-ए टाकायचं. आपण ज्ञ ला डी-एन-वाय लिहितो, तिथे जे-एन. विविधज्ञानविस्तार आपल्या सवयीच्या स्पेलिंगने टाकलंस तर पाटी कोरी. ब्लुमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी केलेली मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ची. तिच्यात आपली माणसं बरेचदा आडनावाने नसून स्वतःच्या नावाने लावली आहेत, तेव्हा लोकहितवादी देशमुखांखाली सापडले नाहीत तर गोपाळ हरी बघ. ती सूची तू भारतातून निघायच्या आधीच चाळ आणि हव्या त्या नोंदींची यादी करून आण. इथल्या रोजच्या तिकिटाचे आणि पोरीला आणायच्या वेळेचे हिशेब बघता ठाण्यात केलेलं तासाभराचं काम इथल्या सकाळभराचं आहे.

आंबेडकर वाचायचे ती हीच पुस्तकं का, असंही तू विचारलंस. त्यांचा गोल वाचनकक्ष, १८५७चा, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुस्तकं १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथून सेंट पँक्रसला हलली. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातही ते बसत. तेव्हा खोली तीच नसली तरी काही पुस्तकं तीच असतील.

विद्यापीठांची गोष्ट वेगळी. सोआस म्हणजे लंडन विद्यापीठातली आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची संस्था. तिचं ग्रंथालय रसेल स्क्वेअरला, आशिया-आफ्रिकेवरची दहा लाखांहून जास्त पुस्तकं, आणि ब्रिटिश लायब्ररीत नाही ते म्हणजे उघडी कपाटं. मराठीच्या कपाटासमोर उभं राहून बोट फिरवता येतं, आणि शोधत होतीस त्याच्या शेजारचं पुस्तक हाती लागतं. इतक्या लांब येऊन ते सुख मिळतं. पण तुझी नोंदणी मुंबई विद्यापीठात. इथल्या विद्यापीठांची आपसात एकमेकांचे वाचक घेण्याची जी योजना आहे, स्कॉनल ॲक्सेस नावाची, ती ब्रिटन-आयर्लंडमधल्या संस्थांपुरती. तू तिच्यात बसत नाहीस. बाहेरची वाचक म्हणून वेगळं सभासदत्व घ्यावं लागेल, आणि त्याचे दर आणि अटी बदलत असतात. मी म्हणते घाई करू नकोस. पहिले सहा महिने ब्रिटिश लायब्ररी पिंजून काढ, काय राहिलं त्याची यादी कर, मग महिन्याभरापुरते पैसे भरून सोआस एकदम उरक. सभासदत्व घेऊन ठेवायचं आणि पोरीच्या तापात, शाळेच्या सुट्ट्यांत महिने वाया घालवायचे, हे मी केलंय.

त्याच भागात, चालत दहा मिनिटांवर, युस्टनच्या मागच्या गल्लीत रॉयल एशियाटिक सोसायटी आहे, १८२३ची. आपल्या मुंबईच्या टाउन हॉलमधली एशियाटिक ही एके काळी हिचीच मुंबई शाखा होती. लहानसं, घरगुती ग्रंथालय, आधी कळवून गेलीस तर सभासद नसलीस तरी वाचू देतात. युस्टन रोडवरच्या वेलकम कलेक्शनचं ग्रंथालयही फुकट. वैद्यकाच्या इतिहासाचं आहे, पण प्लेगावर तुझं प्रकरण असेल तर जाच. प्रकरण नसलं तरी तिथे बसायला खुर्ची मिळण्याची शक्यता ब्रिटिश लायब्ररीपेक्षा जास्त.

जेवणाचं राहिलं. ब्रिटिश लायब्ररीचा कॅफे रोज परवडणारा नाही. बाहेरच्या चौकात बाकं आहेत, पाऊस नसेल तर तिथे डबा खाल्ला की झालं. थेपले-पराठे चालतात, मुळ्याची भाजी लॉकरमध्ये ठेवू नकोस. शेजारच्या लॉकरवाल्याने माझ्याकडे बघितलेलं मला अजून आठवतं.

घराचा पत्ता नक्की झाला की कळव. तुझ्या बरोची लायब्ररी कोणत्या दिवशी बंद असते ते मी बघून ठेवते. आणि भाडेकरारावर सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. दोन्ही नावं आहेत की नाही तेवढंच बघेन.