कॉफी टेबल अल्बममध्ये हळदीचे फोटो राखाडी का येतात

तुम्ही विचारलंत: लग्नाचा करिझ्मा (एकेका पानावर भरपूर फोटो कोंबलेला अल्बम) सोडून कॉफी टेबल अल्बम द्यायला घेतलात, पहिलाच छापून आला तर हळदीच्या पानांवर सगळ्यांचे चेहरे राखाडी, रिसेप्शनची पानं मात्र ठीक, आणि छापणारी लॅब म्हणते ‘फाइलच तशी होती’. माझंही हुबेहूब हेच झालं होतं. अख्खा अल्बम पदरच्या पैशाने पुन्हा छापावा लागला, त्या लॅबने एक शीटही बदलून दिलं नाही. म्हणून साइझ, डिझाइन सोडून रंगाचंच सविस्तर लिहितो.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. पहिला, लॅबचं करेक्शन. फ्रेमभर पिवळं दिसलं की मशिनला किंवा ऑपरेटरला वाटतं व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणूनचा रंगांचा तोल) चुकलाय. मग पिवळा मारायला निळा वाढवतात. हळद तर उतरतेच, वर नवरीचे गालही निस्तेज होतात. ऑर्डरवर ‘करेक्शन करू नये, फाइल आहे तशी छापावी’ असं लिहूनच द्या. फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

दुसरा, प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारं लेबल. अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी ही अशी दोन प्रोफाइल. फाइल अडोबी आरजीबीत आणि लॅब सगळं एसआरजीबी धरून छापत असेल, तर सगळीच पानं फिकी पडतात, पैठणीचा हिरवा तर ओळखू येत नाही. अशा वेळी फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरून फाइल एसआरजीबीत न्या. ‘असाइन’ नको, त्याने फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. तुमची फक्त हळदीची पानं बिघडलीत आणि रिसेप्शनची ठीक आहेत, त्यामुळे मला करेक्शनचाच संशय आहे. अर्थात, फाइल न बघता खात्रीने सांगता येणार नाही.

आता उपाय. अल्बम पाठवायच्या आधी एका ८ बाय १२ इंची प्रिंटवर पाच फोटोंच्या पट्ट्या लावा: हळद, लाल शालू, हिरवी पैठणी, पांढरं धोतर, रात्रीचा काळा सूट. एक प्रिंट करेक्शनसह, एक करेक्शनशिवाय मागवा आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबखाली नाही. दोन्ही काळपट आल्या तर बहुधा तुमचा मॉनिटर जास्त उजळ आहे, ब्राइटनेस उतरवा. लॅब किंवा कागद बदलला की हे पुन्हा करायचं. कंटाळू नका. एका प्रिंटचा खर्च आणि वीस शीटचा खर्च, हिशेब तुम्हीच करा.

जाता जाता घडीचं. १२ बाय २४ इंची स्प्रेड (समोरासमोरच्या दोन पानांचं एक शीट) मधोमध दुमडतं. अंतरपाटाचा बाजूने घेतलेला फोटो तिथे सोन्यासारखा बसतो: अंतरपाट घडीवर, नवरा-नवरी दोन पानांवर. कन्यादानात मात्र ओंजळी मध्ये येतात, तो फोटो एकाच पानावर घ्या. कुणाचाही चेहरा घडीपासून किमान एक इंच लांब ठेवा.

आणि स्टेजवरचे आहेराचे फोटो या अल्बममध्ये कोंबू नका, त्याने अल्बमचा पुन्हा करिझ्मा होतो. ते ४ बाय ६ च्या साध्या अल्बममध्ये द्या आणि कोटेशनमध्येच तसं लिहा. नाहीतर प्रूफ (छापण्याआधीचा नमुना) बघताना आत्या, मामा सापडत नाहीत म्हणून दोन्हीकडून फोन सुरू होतात.